समुद्र तापतोय म्हणून कालवं-शिंपल्यांतले जिवाणू वाढतायत, हे कितपत खरं?

निळाई
नमस्कार मंडळी. हल्ली दोन-तीन ठिकाणी वाचलं की समुद्राचं पाणी तापत चाललंय आणि त्यामुळे कालवं, शिंपल्या वगैरेंमध्ये विब्रिओ नावाचे जिवाणू वाढतायत, अगदी थंड प्रदेशात जिथे पूर्वी कोणी याचं नावही घेत नव्हतं तिथेही माणसं आजारी पडतायत म्हणे. मला यातलं फारसं कळत नाही पण काळजी खरी आहे, कारण सासऱ्यांना लिव्हर सिरॉसिस आहे आणि कालवं म्हणजे त्यांचा जीव की प्राण, तीही कच्ची नाहीतर जेमतेम वाफ दाखवलेली. त्यांचं म्हणणं असं की माल ताजा आहे, पाणी स्वच्छ आहे, वास येत नाही, मग घाबरायचं कशाला.

तर विचारायचं असं की हे जिवाणू गटाराच्या पाण्यामुळे येतात का? स्वच्छ पाण्यातला माल घेतला तर प्रश्न मिटतो का? लिंबू पिळलं किंवा फ्रीझरमध्ये ठेवलं की मरतात का? आणि समुद्र एखाद-दोन डिग्रीने तापला तर खरंच एवढा फरक पडतो का? कोणाला नीट माहिती असेल तर प्लीज सांगा, मला त्यांच्याशी बोलताना ठोस काहीतरी हातात हवंय.

सूक्ष्मदर्शी
निळाई, मी अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काम करते, विब्रिओ आमच्या रोजच्या कामातला आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी सांडपाण्याचं. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच होतो. विब्रिओ ही घाण नाही, तो समुद्राचा मूळ रहिवासी आहे. माणूस किनाऱ्यावर राहायला यायच्या कितीतरी आधीपासून तो तिथे आहे. सांडपाणी मिसळलंय का ते बघायला आपण ई. कोलाय हा आतड्यातला जिवाणू मोजतो, आणि ती टेस्ट त्या कामासाठी उत्तम आहे, पण ई. कोलाय शून्य आला म्हणून विब्रिओ नाही असं अजिबात म्हणता येत नाही, दोघांचा एकमेकांशी फारसा संबंधच नाही. आरशासारख्या स्वच्छ खाडीत विब्रिओ भरपूर असू शकतो. त्याला काय लागतं, तर कोमट पाणी आणि मध्यम खारटपणा, म्हणजे जिथे नदी समुद्राला मिळते तसलं पाणी. आणि कालवं वाढतात तीही बहुतेक अशाच जागी.

तो नुसता पाण्यात मोकळा तरंगत नाही. प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या बारीक जीवांच्या अंगावर, विशेषतः ज्या बारीक कवचधारी जीवांचं कवच कायटिनचं असतं त्यांना चिकटून राहतो, ते कायटिन खातोही. रीटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी कॉलऱ्याच्या जिवाणूबद्दल हे वर्षानुवर्षं काम करून दाखवलं, तोही विब्रिओच. पाणी थंड झालं, साधारण १५ अंशांच्या खाली गेलं की हे जिवाणू मंदावतात, गाळात जातात, काही तर अशा अवस्थेत जातात की जिवंत असतात पण लॅबमध्ये वाढवायला गेलं तर वाढत नाहीत. पाणी तापलं की परत सुरू. म्हणून बऱ्याच ठिकाणी हा उन्हाळ्याचा आजार.

आता कालव. ते पाणी आत ओढतं, कल्ल्यांवरून फिरवतं, त्यातले खाण्याजोगे कण श्लेष्मात अडकवून तोंडाकडे सरकवतं आणि बाकीचं पाणी सोडून देतं. परिस्थिती चांगली असेल तर एक मोठं कालव दिवसाला दीडशे-दोनशे लिटरपर्यंत पाणी असं गाळू शकतं. त्या पाण्यात जे जे असतं ते त्याच्या पोटात साठत जातं, त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यापेक्षा कालवात जिवाणू कैकपटीने जास्त असतात. कालव मात्र ठणठणीत. वास नाही, रंग बदलत नाही, चवीत फरक नाही. बाकीच्या मासळीला ताजेपणाची जी पारख आपण लावतो, डोळे बघा, कल्ले बघा, वास घ्या, ती इथे उपयोगाची नाही कारण माल खराब झालेलाच नसतो.

लॅबमध्ये आम्ही टीसीबीएस नावाच्या माध्यमावर हे वाढवतो. प्लेट आधी गडद हिरवी असते, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवली की त्यावर दोन तऱ्हेचे ठिपके उठतात, साखर वापरणारे पिवळे, कॉलऱ्याचा जिवाणू त्यातला, आणि साखर न वापरणारे हिरवे. माणसाला आजारी पाडणाऱ्या विब्रिओच्या आणखी दोन जाती म्हणजे पॅराहीमोलिटिकस आणि वल्निफिकस. पॅराहीमोलिटिकस हिरवा, वल्निफिकसही बहुतेक वेळा हिरवाच. दिसायला एकदम स्वच्छ, ताज्या मालाचा नमुना लावला तरी सकाळी प्लेटवर बोट ठेवायला जागा उरत नाही इतके ठिपके येऊ शकतात. अर्थात प्रत्येक हिरवा ठिपका माणसाला आजारी पाडणारा नसतो. पॅराहीमोलिटिकसमध्ये ठरावीक विषाची जीन असलेले प्रकार जास्त धोक्याचे आणि समुद्रातल्या बहुसंख्य जिवाणूंमध्ये ती जीन नसते, पण ते ताटात बसून कळणार कसं?

भरतीओहोटी
वरचं छान लिहिलंय. मी हवामानाच्या बाजूने भर घालतो, 'एखाद-दोन डिग्रीने काय होतं' या प्रश्नाला.

हवेतल्या वायूंमुळे पृथ्वीवर जी जास्तीची उष्णता साठतेय त्यातली ९० टक्क्यांच्या आसपास समुद्रात जाते. पृष्ठभागाचं सरासरी तापमान १८५०-१९०० च्या तुलनेत ०.९ अंशाच्या आसपास वाढलंय. आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण विब्रिओच्या बाबतीत एक उंबरठा आहे, १५ अंशांच्या आसपासचा. जिथे उन्हाळ्यात पाणी १४ पर्यंत जायचं तिथे ते १५-१६ ला पोचलं की जिथे काहीच नव्हतं तिथे एकदम सुरुवात होते. म्हणजे सरासरी किती वाढली यापेक्षा उंबरठा कुठे आणि किती दिवस ओलांडला जातो ते बघायला हवं.

याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण अलास्काचं. २००४ च्या उन्हाळ्यात तिथे एका क्रूझ जहाजावरच्या प्रवाशांना उलट्या-जुलाब सुरू झाले, शोध घेतला तर कारण निघालं कच्ची कालवं, आणि ती प्रिन्स विल्यम साउंड नावाच्या आखातातली, जिथलं पाणी इतकं थंड की या जिवाणूचा तिथे कोणी विचारच करत नव्हतं. त्या मोसमात तिथलं पाणी १५ अंशांच्या वर गेलं होतं. तोपर्यंत या आजाराची जी उत्तरेकडची हद्द मानत होते ती या एका उद्रेकाने जवळपास १००० किलोमीटर वर सरकली.

दुसरं बाल्टिक समुद्राचं. त्याचं पाणी आधीच कमी खारट, त्यामुळे फक्त ऊब मिळायचा अवकाश. २०१४ च्या उष्णतेच्या लाटेत स्वीडन आणि फिनलंडमध्ये विब्रिओच्या जखमा झालेले रुग्ण बरेच आले, काही तर आर्क्टिक वर्तुळापासून फार लांब नसलेल्या भागातले. इथे बहुतेकांनी काही खाल्लं नव्हतं, पोहताना जखमेतून संसर्ग झाला होता, तेव्हा हा विषय नुसता ताटापुरता नाही हेही लक्षात घ्या.

आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याचा एक अभ्यास २०२३ मध्ये आला, त्यात १९८८ ते २०१८ या काळातले वल्निफिकसच्या जखमांचे रुग्ण मोजले. वर्षाला साधारण १० होते ते ८० झाले, आणि सर्वांत उत्तरेकडचा रुग्ण जिथे सापडतो ती सीमा दरवर्षी सरासरी ४८ किलोमीटर वर सरकत गेली.

कोणी म्हणेल तपासण्या वाढल्या म्हणून केसेस जास्त दिसतात. थोडं खरं आहे ते, नोंद ठेवायची पद्धत सुधारली की आकडा वाढतोच. पण याला उत्तर म्हणावं असं एक काम मला फार आवडतं. उत्तर अटलांटिकमध्ये जहाजांच्या मागे एक यंत्र ओढत प्लवकांचे नमुने गोळा करायचा उपक्रम कित्येक दशकं चालू आहे, ते नमुने फॉर्मेलिनमध्ये जपून ठेवलेले असतात. शास्त्रज्ञांनी १९५८ पासूनचे जुने नमुने काढून त्यातला डीएनए तपासला आणि विब्रिओचं प्रमाण पाण्याच्या तापमानाबरोबर वाढत गेलेलं दिसलं. २०१६ मध्ये ते छापून आलं. तिथे ना रुग्ण ना डॉक्टर ना नोंदवही, थेट त्या त्या वर्षाचं समुद्राचं पाणीच. तेव्हा हा नुसता गाजावाजा नाही हो.

खारावारा
मला एक कळत नाही, लोक पिढ्यानपिढ्या कच्ची कालवं खात आलेत, सगळे कुठे मेले? मी स्वतः खातो, काही झालेलं नाही. प्रत्येक गोष्टीत घाबरवायचं ठरवलं तर माणसाने खायचं काय? आणि थंड महिन्यांतच खायची, गरम महिन्यांत नाही, हा नियम जुन्या लोकांनी घालूनच दिलेला आहे की, तो पाळला की झालं. शिवाय लिंबू असतं, वर तिखट सॉस असतो, त्याने जिवाणू मरत असणारच.

सूक्ष्मदर्शी
खारावारा, तुमचा मुद्दा मी उडवून लावणार नाही. धडधाकट माणसाला बहुतेक वेळा काही होत नाही, किंवा झालं तर दोन-तीन दिवस जुलाब, पोटात मुरडा, ताप आणि मग बरं. अमेरिकेत वर्षाला ८०,००० लोकांना विब्रिओचा आजार होतो असा तिथल्या सीडीसीचा, म्हणजे रोगनियंत्रण संस्थेचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक बरेच होतात. पण निळाईंचा प्रश्न धडधाकट माणसाचा नाहीये, आणि तुम्हाला काही झालं नाही यावरून त्यांच्या सासऱ्यांबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

थंड महिन्यांचा नियम अनुभवातून आलेला आहे आणि त्यात तथ्य होतं. अडचण अशी की तो नियम जुन्या समुद्रासाठी होता. आता पाणी लवकर तापतं आणि उशिरा निवतं, तेव्हा कॅलेंडर बघून चालत नाही, पाण्याचं तापमान बघावं लागतं. आणि थंड महिन्यात धोका कमी होतो, शून्य होत नाही.

लिंबू, व्हिनेगर, तिखट सॉस, सोबत घेतलेली दारू, यातल्या कशानेही विब्रिओ मरेल याची खात्री देता येत नाही. तो कालवाच्या पोटात, ऊतींत बसलेला असतो, वरून पिळलेला रस तिथवर पोचत नाही. फ्रीझ केल्याने संख्या घटते पण सगळे मरत नाहीत. स्वच्छ पाण्याच्या टाकीत एक-दोन दिवस ठेवून 'शुद्ध' केलेला माल मिळतो, त्याने ई. कोलाय बराच निघून जातो पण विब्रिओ चिवट, तो आतड्यात तसाच टिकून राहतो, म्हणून त्या लेबलवर याबाबतीत विसंबू नका.

ज्याने खरंच फरक पडतो ते म्हणजे काढल्यापासून थंड करेपर्यंतचा वेळ. जिवंत कालवं २६ अंशांवर ठेवून बघितली होती, तर १० तासांत पॅराहीमोलिटिकस ५० पट झाला आणि २४ तासांत जवळजवळ ७९० पट. कालव जिवंतच आहे, बाहेरून काही कळत नाही, आणि आत हे चाललंय. तेच ३ अंशांवर ठेवलं तर वाढत नाही, हळूहळू थोडा घटतो. म्हणून जिथे यावर कडक नियम आहेत तिथे गरम महिन्यांत माल काढल्यावर किती तासांत बर्फावर गेला पाहिजे ते ठरवून दिलेलं असतं. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागेवरची कालवं तर समुद्रातच, काढायच्या आधीच, उन्हात तापतात. २०२१ च्या जूनअखेरीस अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर भयंकर उष्णतेची लाट आली होती, त्यात भर दुपारी मोठी ओहोटी होती, आणि पाठोपाठ जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्यात विब्रिओचे रुग्ण एकदम वाढले.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, आयसीयूमध्ये काम करतो. निळाई, लिव्हरबद्दल कोणीच अजून नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो आणि जरा स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

सिरॉसिस असलेल्या माणसाने कच्ची किंवा अर्धीकच्ची कालवं-शिंपल्या अजिबात खाऊ नयेत. कमी खाऊ, कधीतरी खाऊ, चांगल्या ठिकाणची खाऊ, असं काही नाही. अजिबात नाही.

कारण विब्रिओ वल्निफिकस. या जिवाणूला वाढायला लोह लागतं. निरोगी शरीर संसर्ग झाला की रक्तातलं लोह लपवून ठेवतं, त्यासाठी लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन तयार करतं. लिव्हरच आजारी असेल तर हे काम नीट होत नाही, रक्तात मोकळं लोह जास्त राहतं आणि जिवाणूला मोकळं रान मिळतं. शिवाय आतड्यातून आलेलं रक्त लिव्हर एरवी गाळतं, जिवाणू तिथे अडकतात, सिरॉसिसमध्ये बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून पुढे जातं आणि जिवाणूही. नेहमीसारखे जुलाब होऊन थांबत नाही, थेट रक्तात उतरतो.

मग जे होतं ते फार वेगात होतं. खाल्ल्यावर एक-दोन दिवसांत थंडी वाजून ताप, बीपी खाली, आणि पायांवर दुखणारे लालसर-जांभळे चट्टे, त्यावर रक्ताळ पाण्याने भरलेले फोड. सकाळी घोट्याजवळ चट्टा दिसलेला असतो आणि संध्याकाळी गुडघ्यापर्यंत कातडी काळीनिळी झालेली असते, इतक्या वेगाने. वल्निफिकस झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो असं सीडीसी सांगते, आणि रक्तात पसरलेला असेल तर प्रमाण याहून बरंच जास्त.

म्हणून घरातल्या सगळ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. त्यांना कधीही ताप-थंडी आली किंवा असे चट्टे दिसले आणि आधीच्या काही दिवसांत समुद्री काही खाण्यात आलेलं असेल, तर इमर्जन्सीत गेल्या गेल्या पहिल्या वाक्यात सांगा, 'लिव्हरचा आजार आहे आणि कच्ची कालवं खाल्लीत'. एवढ्या माहितीवर डॉक्टर कल्चरची, म्हणजे जिवाणू वाढवून बघायच्या तपासणीची वाट न बघता योग्य अँटिबायोटिक लगेच सुरू करू शकतात, सर्जनला लवकर बोलावू शकतात. इथे तास मोजावे लागतात. पेशंट येतो, नातेवाईक बाकी सगळं सांगतात, जेवणात काय होतं ते मात्र विचारल्याशिवाय निघत नाही, असं होऊ देऊ नका.

आणि हे फक्त सिरॉसिसपुरतं नाही. हिपॅटायटिस, शरीरात लोह साठण्याचे आजार, वारंवार रक्त चढवावं लागणारे पेशंट, डायबिटिस, किडनीचे आजार, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असलेले, स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे, यांनाही हेच. जखमेचंही तेच. उघडी जखम, ताजं ऑपरेशन, नवीन टॅटू असेल तर कोमट खाऱ्या-मचूळ पाण्यात उतरू नका. कालवं फोडताना जाड हातमोजे घाला, हात कापला तर लगेच साबणाने धुवा, आणि ती जागा काही तासांत सुजायला, ठणकायला लागली तर सकाळपर्यंत थांबू नका.

खारावारा
डॉक्टर, लिव्हरचं असं असतं हे मला ठाऊक नव्हतं. माझ्या एका मित्राला फॅटी लिव्हर आहे, त्याला पण हे लागू का? आणि मग सरकारं कच्ची विकूच का देतात?

रात्रपाळी
नुसतं सुरुवातीचं फॅटी लिव्हर आणि सिरॉसिस यात खूप फरक आहे, पण लिव्हर कितपत खराब झालंय हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याच लोकांना आपला आजार पुढे गेलाय हे माहीतच नसतं. त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं, तोपर्यंत शिजवून खावं. नीट शिजवलेल्याला विब्रिओची अडचण नाही.

भरतीओहोटी
विकू का देतात याचं एक उदाहरण आहे. कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये नियम केला की मेक्सिकोच्या आखातातली कच्ची कालवं एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये विकायची तर आधी जिवाणू मारायची प्रक्रिया केलेली असली पाहिजे. म्हणजे हलकी उष्णता देणं किंवा प्रचंड दाबाखाली ठेवणं वगैरे, त्याने कालव कच्च्यासारखंच राहतं पण वल्निफिकस जवळपास नाहीसा होतो. त्यानंतर तिथे कालवांमुळे होणाऱ्या वल्निफिकसच्या केसेस जवळजवळ थांबल्या. उपाय आहे, सिद्धही झालाय. पण ही प्रक्रिया महाग पडते, कच्च्याची चव बदलते अशी तक्रार असते, आणि कालवं वाढवणाऱ्यांची पोटं त्यावर असतात, त्यामुळे सगळीकडे तो नियम झाला नाही. मला विचाराल तर गरम महिन्यांपुरता तरी तो सगळीकडे असायला हवा, कारण गरम महिने वाढतच चाललेत.

काही ठिकाणी आता उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि खारटपणा बघून विब्रिओसाठी दिवस किती अनुकूल आहे याचे नकाशे रोज काढतात, युरोपच्या रोगनियंत्रण संस्थेचा आहे, अमेरिकेत नोआ या समुद्र-हवामान संस्थेचं काम आहे. हे जितकं लोकांपर्यंत पोचेल तितकं बरं.

निळाई
सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरांचं उत्तर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी, मग म्हणाले शिजवून दे पण चिवट करू नकोस. आता किती शिजवायचं ते सांगा. आमच्याकडे शिंपला उघडला की झालं असं धरतात. आणि नीट शिजवलं की सगळंच सुरक्षित का?

सूक्ष्मदर्शी
उघडला की झालं, हे अपुरं आहे. शिंपला उघडतो तेव्हा आतला मधला भाग बऱ्याचदा पुरेसा तापलेला नसतो. उकळत्या पाण्यात टाकत असाल तर उघडल्यानंतर आणखी ३ ते ५ मिनिटं उकळा, वाफवत असाल तर ४ ते ९ मिनिटं वाफ. भांड्यात गर्दी करू नका, थोडी थोडी घाला, नाहीतर मधली कच्ची राहतात. शिजवायच्या आधीच उघडी असलेली आणि टिचकी मारली तरी न मिटणारी टाकून द्या, शिजवूनही न उघडलेली टाकून द्या. कवचातून काढलेला मगज असेल तर किमान ३ मिनिटं उकळायचा, कडा आक्रसून वळल्या पाहिजेत. विब्रिओ उष्णतेला तसा नाजूक आहे, एवढ्यात मरतो, आणि तीन-चार मिनिटांनी काही चिवट होत नाहीत, चिवट होतात ती बराच वेळ ठेवल्यावर.

सगळंच सुरक्षित का, तर नाही. शैवालाच्या काही जातींचं विष शिंपल्यांत साठतं, ज्याने ओठ-जीभ बधिर होते आणि जास्त झालं तर श्वासाचे स्नायूच बंद पडतात. ते विष शिजवून जात नाही. त्यावर इलाज एकच, ज्या भागात शिंपल्या काढायला बंदी जाहीर झालीय तिथला माल खायचा नाही, मग तो कितीही शिजवा. पाणी तापल्याने काही ठिकाणी या शैवालांचा मोसमही बदलतोय, पण तो वेगळा मोठा विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

अजून एक, घरात हमखास चुकणारं. ज्या ताटात, ज्या चाळणीत कच्ची कालवं धुतली त्यातच शिजलेली परत काढू नका. त्यांचं निथळलेलं पाणी फ्रीजमध्ये कोशिंबिरीवर किंवा फळांवर ठिबकू देऊ नका, कच्चा माल सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकून ठेवा. आणि सासऱ्यांना ती साफ करायला बसवू नका, सुरी आणि धारदार कवच दोन्हीने हात कापतो, ते काम दुसऱ्या कोणीतरी हातमोजे घालून करा.